जित्याचा कडू घास

आमच्या गावात कुणाच्या घरचं माणूस गेलं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. मसणातून माणसं परतली की शेजारच्या घरून पिठलं-भाकर येते. त्याला कडू घास म्हणतात. कडू त्यात काहीच नसतं, असलंच तर मीठ जरा कमी. जिच्या घरचं माणूस गेलं तिला बाया मधोमध बसवतात, ती नाही नाही म्हणत राहते आणि शेवटी शेजारीण आपल्या हाताने एक घास तिच्या तोंडात घालते. तो गिळला की झालं. माणूस गेलं हे घराने मान्य केलं, असा त्याचा अर्थ. मग कुणी पाणी तापवायला उठतं, कुणी गुरांना वैरण टाकतं. घास भरवण्याचा मान लागून असलेल्या शेजाराचा. त्या शेजाऱ्याशी तुमचं वर्षानुवर्षं बोलणं नसलं तरी. आणि एकदा घराबाहेर काढलेलं कडू घासाचं ताट भरलेलं परत नेत नाहीत.

वर्ध्याच्या माझ्या शाळेत एकदा सहकारी बाईंना हे सांगत होते, तर त्या म्हणाल्या, "पिठल्यात लसूण घालता का हो?" तेव्हापासून मी हे कुणाला सांगायचं सोडून दिलं होतं. आज सांगते आहे, कारण त्याशिवाय माझ्या भावाची गोष्ट सांगता येत नाही.

आमच्या घरात एक घास पिढ्यान्‌पिढ्या बाकी होता. तो पणजीचा. इंग्रजांच्या राजात माझ्या पणजोबाने मालगुजाराच्या कारभाऱ्याच्या डोक्यात फावडं घातलं. बेगारीवरून भांडण झालं होतं. कारभारी जागीच मेला आणि पणजोबाला फाशी झाली. गावाने अंगठे लावून नागपूरच्या लाटसाहेबाकडे दयेचा अर्ज केला आणि नवल म्हणजे साहेबाने दया केली. फाशी माफ, त्याऐवजी जन्मभर काळं पाणी. गावात गूळ वाटला म्हणे. पणजोबाला नेलं, आणि त्यानंतर त्याचं काही म्हणजे काही कळलं नाही. सरकारने दया केली, पण कळवायचं काम सरकारचं नव्हतं. वडील होते तोवर म्हणायचे, लटकवलं असतं तर निदान श्राद्धाला तिथी मिळाली असती.

पणजी वाट बघत राहिली. तिच्या बरोबरीच्या बायांची नातवंडं लग्नाला आली तेव्हा कुणी तरी शहाणी शेजारीण ताट घेऊन आली, की बाई, आता घे घास आणि मोकळी हो. पणजी म्हणाली, "अजून नाई." पुढे जी जी ताट घेऊन आली तिला हेच. पणजी मेली तेव्हा तिला हिरवं लुगडं नेसवायचं की पांढरं यावरून बायांची जुंपली. शेवटी कपाळ कोरं ठेवलं आणि हातात हिरव्या बांगड्या भरल्या. न्याय म्हणून वाईट नव्हता.

त्यावरून आमच्याकडे एक म्हणच पडली. जे लोंबकळत राहिलंय ते पणजीच्या घासासारखं. विजेचं मीटर, वडिलांचा दुखरा दात, माझं लग्न, सगळं पणजीचा घास. हे सगळ्यांत जास्त बोलायचा माझा धाकटा भाऊ. मी वर्ध्याला शिकत होते तेव्हा शनिवारी गावाजवळच्या जाम इथल्या चौरस्त्यावर तो सायकल घेऊन उभा असायचा आणि एस.टी.ला उशीर झाला की ओरडायचा, "तुही बस म्हंजे पणजीचा घास हाय व ताई!" चौरस्त्यावरचे चहावाले हसायचे.

त्याने तीन जीव घेतले. हे मी गोल गोल करून सांगणार नाही. आमचं आणि शेजारच्यांचं घराला घर लागून आणि शेताला शेत लागून. धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, जुनं भांडण होतं, सगळ्यांची असतात तसं. त्या दिवशी कुऱ्हाड हातात होती. शेजारचे काका, त्यांचा मुलगा, आणि शिदोरी घेऊन आलेल्या बापामागे आलेला लहानगा नातू. तो अजून शाळेतही जात नव्हता. लोक मला विचारतात, तुमचा भाऊ असा कसा? मला माहीत असतं तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं. मला त्याचा इतका राग येतो की कधीकधी जेवताना हात थांबतो, आणि तो मरू नये असंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, आणि त्यावर माझा काही इलाज नाही.

शेजारच्या घरात उरल्या त्या काकू. सून माहेरी निघून गेली. याच काकूंनी लहानपणी माझ्या केसांतल्या उवा काढल्या होत्या. दोन घरांच्या मधल्या भिंतीत एक खिंडार होतं, त्यातून भाजीच्या वाट्या इकडून तिकडे जायच्या. आमच्याकडे बाया एकमेकींना पोराच्या नावाने हाक मारतात, अमक्याची माय म्हणून. माझी माय काकूंना आयुष्यभर त्यांच्या मुलाच्या नावानेच हाक मारत आली होती. तो मुलगा आमच्याच पोराने मारल्यावर मायकडे काकूंना बोलवायला शब्दच राहिला नाही. खिंडार विटा लावून बुजवलं. काकूंच्या घरचा कडू घास पलीकडच्या आळीतून आला. मान आमचा होता. मायने त्या दिवशी पिठलं केलं होतं, आणि ताट घेऊन ती आपल्याच दारात उभी राहिली, पुढे पाऊल टाकवलं नाही. ते ताट तिने तसंच उकिरड्यावर नेऊन पालथं केलं.

कोर्टाच्या पायऱ्या चढलो. खालच्या कोर्टाने फाशी दिली, वरच्याने ठेवली, त्याच्याही वरच्याने ठेवली. मग राहिला दयेचा अर्ज.

दहावीच्या वर्गाला मी हे दरवर्षी शिकवते. इंग्रजांच्या राजात फाशी माफ करण्याचा हक्क मुळात त्यांच्या राजाचा. राजा सात समुद्रांपलीकडे, म्हणून त्याच्या वतीने तो इथला लाटसाहेब वापरायचा. गोरे गेले, खुर्च्या राहिल्या, हक्कही राहिला. आधी राज्यपालांकडे अर्ज जातो, त्यांनी नाही म्हटलं तर राष्ट्रपतींकडे. फळ्यावर मी दोन चौकोन काढते आणि मध्ये बाण. बरीच वर्षं तो बाण मी विचार न करता काढला. आता काढताना खडू मोडतो आणि पोरं मान खाली घालतात, कारण त्यांनाही माहीत आहे.

अर्जावर सही करताना मायने विचारलं, "लाटसाहेब आता कुठी बसते?"

मी म्हटलं, "लाटसाहेब नाई माय. राज्यपाल. मुंबईले."

"लेकरंबाळं हायत का त्याईले?"

"असतील."

मायने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "पणजीच्या टायमाले साहेब गोरा होता. आपली बोली नोती समजत त्याले, तरी त्यानं आयकलं. हे तं आपलेच हायत न बाई?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? साहेबाने ऐकलं म्हणजे पणजीचं काय झालं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. पण बुडत्याला काडी, आणि आमची काडी तर सरकारी होती.

मग वाट बघणं सुरू झालं. मायने आपलं असं एक तंत्र बसवलं होतं. बातम्यांच्या वेळेला टीव्ही लावायचा, आवाज बंद ठेवायचा, आणि पडद्याकडे पाठ करून तांदूळ निवडायचे. त्याचं चित्र दिसलं तर शेजारीपाजारी सांगतीलच, म्हणायची. पोस्टमनची सायकल आली की ती आत जायची. मी दर रविवारी गावाला जायचे आणि महिन्याकाठी आम्ही दोघी नागपूरला भावाला भेटायला जायचो. मुलाखतीच्या काचेपलीकडे तो बसायचा, कानाला फोन लावून. तूर कशी आहे विचारायचा, कुत्रीला पिल्लं झाली का विचारायचा. मरणाबद्दल एकदाच बोलला. "मले मारून राह्यले का ठेवून राह्यले, येकदा सांगा म्हना न त्याईले," तो म्हणाला. माय काचेवर हात ठेवून बसली होती. फोन माझ्या कानाला होता, तिला ते ऐकू गेलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

ती बातमी आली तेव्हा मी शाळेत होते. मधल्या सुट्टीत एका बाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. भावाचा अटकेच्या वेळचा फोटो, बाजूला दोराचं चित्र, आणि खाली "दयेचा अर्ज फेटाळला". मी वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, "राज्यपालांकडचा फेटाळलाय, ताई. आता राष्ट्रपतींकडे जाऊ. अजून एक दार आहे." मी मायला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. टीव्ही बघितला असणार आणि रडत बसली असणार, असं मला वाटलं. म्हणून मी अर्धी रजा टाकून निघाले.

गावाची गोष्ट मी विसरले होते. गावाला राज्यपाल आणि राष्ट्रपती यांच्यातला बाण माहीत नव्हता. गावाला एवढंच माहीत होतं की असल्या गोष्टी होऊन गेल्यावरच टीव्हीवर सांगतात. पहाटे लटकवतात, जेलातच माती देतात आणि मग दुपारी फोटो दाखवतात.

जामला उतरले. चौरस्त्यावरचा म्हातारा चहावाला मला लहानपणापासून ओळखतो. मला बघून तो उठून उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. "बाबा, तो आहे अजून," मी म्हटलं, पण तोवर ट्रक गेला, त्याला काही ऐकू आलं नाही. मी दिसेल त्या ऑटोत बसले. ऑटोवाला रस्ताभर हळू चालवत होता, मयतीला जाणाऱ्या बाईला धक्के बसू नयेत म्हणून. मी त्याला दोनदा ओरडले, लवकर चल रे बापा, आणि तो मान हलवून आणखी सांभाळून चालवू लागला.

आमचं अंगण बायांनी भरलेलं होतं. चुलीतली लाकडं कुणीतरी ओढून बाहेर विझवून ठेवली होती. मधोमध माय बसलेली, पदर खांद्यावर पडलेला. आणि तिच्यासमोर मांडी घालून काकू.

ज्या बाईच्या घरात आम्ही तीन मयती पाठवल्या ती बाई आमच्या अंगणात बसली होती. खिंडार बुजलेलं, म्हणून पिठलं-भाकरीचं ताट घेऊन तिला सगळ्या गल्लीला वळसा घालून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत यावं लागलं असणार. मान शेजाराचा, आणि शेजार तिचा. एवढ्यासाठीच ती आली होती. तिच्या उजव्या हाताची बोटं पिठल्याने भरली होती आणि मायचं तोंड हलत होतं.

"माय, थुंक!" मी फाटकातूनच ओरडले. "थुंकून टाक ते! तो हाय! जिता हाय तो!"

मायने माझ्याकडे बघितलं. चांगलं, डोळे उघडे ठेवून बघितलं. तोंड हलायचं थांबलं होतं. मी बायांमधून वाट काढत, राज्यपाल, राष्ट्रपती, दुसरा अर्ज, असं काहीबाही बोलत होते, वर्गात बोलते तसं. माय बघत राहिली. आणि मग तिने तो घास गिळला.

"जिता हाय?" काकूंनी विचारलं. हात तसाच हवेत. त्यांच्या आवाजात काय होतं हे मी अजून ठरवू शकले नाही. सुटका होती म्हणावं तर तसं नव्हतं, आणि संताप म्हणावा तर तोही नव्हता. त्या बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत बसल्या, मग ती त्यांनी पदराला पुसली, उठल्या आणि आल्या वाटेने परत गेल्या. बाया एक एक करून पांगल्या. जाता जाता एक म्हातारी ताटाकडे बोट दाखवून म्हणाली, "आता याचं काय करावं वो माय? वापस तं नेता येत नाई." तिचंही बरोबर होतं. जिवंत माणसाचा कडू घास आला तर काय करायचं, हे कुठल्याच जुन्या माणसाने सांगून ठेवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताट घासून मी काकूंकडे गेले. वकील मागेच म्हणाले होते की मेलेल्यांच्या घरच्यांनी, फाशी नको, एवढं लिहून दिलं तर दिल्लीला उपयोग होईल कदाचित. कायद्याने बंधनकारक नाही, पण होईल. आजवर माझी हिंमत झाली नव्हती. ताट हातात होतं म्हणून झाली.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "कोर्टात मले इचारलं, तू काय पाह्यलं. म्या सांगतलं. मले काय पायजे ते कोनी नाई इचारलं."

"मी विचारते न काकू."

"तू कोन व इचारनारी?"

ते खरंच होतं.

"लिवून देलं तं सुटन का तो?"

"सुटणार नाही. मरेपर्यंत आतच राहील. फक्त फाशी टळेल."

"अन्‌ नाई देलं तं माहे तिघं वापस येईन का?"

काकू दाराच्या चौकटीला टेकून बुजवलेल्या खिंडाराकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मले मालूम नाई बाई. फुडच्या खेपेले इचारजो." ताट त्यांनी घेतलं नाही. मी आजही प्रत्येक खेपेला विचारते आणि त्या आजही हेच सांगतात. राग नाही त्यात, टाळाटाळही नाही. खरोखरच ठरत नाही त्यांचं, आणि मी त्यांना कुठल्या तोंडाने घाई करू?

मायने टीव्ही लावायचा सोडला. पोस्टमन आला तर ती आत जात नाही, अंगणातच बसून राहते. दोन वेळा नीट जेवते. त्या घटनेनंतर मी तिला पहिल्यांदा म्हटलं, चल, नागपूरला जाऊ, तर म्हणाली, "तू जाय."

"माय, तो तुला विचारेल."

"म्या त्याचा घास घेतला बाई."

"चुकून घेतला न. तुला माहीत नव्हतं."

"मालूम होतं," माय म्हणाली. "तू सांगतलं तवा तोंडातच होता. थुकता आला असता."

"मंग काऊन गिळला?" माझ्या तोंडून आपोआप घरची बोली आली. मी शाळेत बोलते तशी तिच्याशी बोलूच शकले नाही.

माय तांदूळ निवडत होती. तिने एक खडा काढून बाजूला टाकला. "थुकला असता तं पुन्हा पयलेपासून वाट पाहा लागली असती," ती म्हणाली. "नाई होत आता माह्याच्यानं. पणजी होती तशी. मी नाई."

मला तिचा भयंकर राग आला. तो जिवंत आहे, खातो, पितो, तुरीची चौकशी करतो आणि ही इथे मोकळी होऊन बसली, असं वाटलं. दुसऱ्याच क्षणी मला वाटलं, मी असते तर मीही गिळला असता. मी सूप तिच्या हातातून घेतलं आणि उरलेले तांदूळ निवडले.

दिल्लीचा अर्ज अजून तिथेच आहे. वकील म्हणतात, उशीर होतोय ते एका परीने बरंच, फाशी टाळायला पुढे त्याचाही आधार घेता येईल. ऐकून मी मान हलवते. नागपूरला आता मी एकटीच जाते. सुरुवातीला भावाने विचारलं, माय काऊन नाई आली? मी म्हटलं, गुडघे दुखतात. पुढच्या वेळी गुडघे, त्याच्या पुढच्या वेळी गुडघे. आता तो गुडघ्यांसाठी कुठला पाला बांधायचा ते मला सांगतो.

मागच्या खेपेला वेळ संपत आल्याची खूण झाली तरी तो फोन सोडेना. केस बरेच पांढरे झालेत त्याचे. जामच्या चौरस्त्यावर हसायचा तसा एकदम हसला आणि म्हणाला, "ताई, दिल्लीचं काईबी आलं न, तं पयले मायले सांगजो. माहं म्हंजे पणजीचा घास झाला व. पन मायले म्हना, पणजीवानी बसू नोको. टायमावर जेवत जाय म्हना तिले."

"जेवते रे," मी म्हटलं. "माय जेवते."